मिरजेचा मर्दानी तंबोरा: विकावा की ठेवावा?

षड्जपंचम
मिरजेचा मर्दानी (पुरुषी आवाजासाठीचा मोठा) तंबोरा, चार तारी, उंची पाच फुटांच्या आसपास, दांडी आणि तबली (भोपळ्यावरचं लाकडी झाकण) तुणाच्या लाकडाची. आजोबांच्या वेळचा. पांढरी एकला (पेटीची पहिली पांढरी पट्टी हा सा) लागतो. घरात आता गाणारी एकच व्यक्ती, तिची पट्टी काळी चार. त्यामुळे गवसणी निघते ती गणपतीत आणि गुरुपौर्णिमेला. बाहेरगावच्या एका गायकाने विचारणा केली आहे. विकावा की ठेवावा? "आठवण आहे हो" हे सगळे सांगतातच. वाद्याच्या बाजूने काय योग्य, ते सांगा.

लाखपॉलिश
विका. पट्टीचा मुद्दा पुरेसा आहे. पांढरी एक ते काळी चार म्हणजे आठ अर्धस्वर वर. त्याच तारा तेवढ्या चढवल्या तर प्रत्येक तारेवरचा ताण अडीच पट होतो. आधी तार तुटेल, नाही तुटली तर तबली बसेल. म्हणजे घरातल्या गाणारीला हा तंबोरा या जन्मी उपयोगाचा नाही. ज्याची पट्टी पांढरी एक ते काळी दोन आहे त्याच्याकडे तो रोज वाजेल.

जोडाची_तार
गणित बरोबर, निष्कर्ष घाईचा. तारा बारीक लावल्या की ताण वाढत नाही. जोडाची (मधल्या दोन, सा ला लावलेल्या) पोलादी तार ०.४० मि.मी. असेल तर ०.२५ लावा, ताण आहे तिथेच राहील.

लाखपॉलिश
ताण राहील, आवाज राहणार नाही. एवढ्या मोठ्या भोपळ्याला आणि रुंद तबलीला हलवायला तारेत वजन लागतं. ०.२५ ची तार त्या घोडीवर (तारा टेकतात तो तबलीवरचा ठोकळा) चिरकी बोलते, खरज (खालच्या सा ची जाड तार) तर नावालाच. शिवाय जवारी (घोडीच्या माथ्याचा उतार, त्याने तार झंकारते) जाड तारांसाठी घासलेली असते. बारीक तारांना ती नव्याने काढावी लागेल, आणि उद्या परत पांढरी एकला आणायचा म्हटलं की पुन्हा कानस. दर वेळी घोडीचा माथा थोडा उतरतो. तीन-चारदा असं केलं की नवी घोडी. काळी चारला जनानी (बायकी आवाजासाठीचा लहान) तंबोराच हवा. हा विकून तो घ्या, हिशेब संपला.

जोडाची_तार
बरं, पट्टीचा मुद्दा सोडला. पण "हा विकून तो घ्या" इतकं सरळ नाही. जुन्या तंबोऱ्याचे पैसे किती येतात? गिऱ्हाईक जवारी, पॉलिश, खुंट्या, तारा सगळ्याचा खर्च वजा करून बोलतो. माझ्या अंदाजाने तेवढ्याच घेराच्या नव्या वाद्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा हाती पडला तरी नशीब. आणि जातं काय, ते बघा. ५० इंचांच्या पुढच्या घेराचा, जाड सालीचा, सगळीकडून सारखा गोल भोपळा. असे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकतात, पण शंभरातले मोजकेच मर्दानी तंबोऱ्याच्या कामाचे निघतात. लाकूड पुन्हा मिळतं. तसा भोपळा पैसे देऊनही वेळेवर मिळेल असं नाही.

मेघमल्हार_७
मधे एक. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन (त्या गावच्या मालाचा अधिकृत शिक्का, जीआय) मिळालं. थांबलात तर भाव वाढेल ना?

लाखपॉलिश
नाही. मानांकनाचा उपयोग नोंदणी केलेल्या कारागिरांच्या मालाला, नव्या वाद्याच्या विक्रीत. घरात पडलेल्या जुन्या तंबोऱ्यावर तो शिक्का मागाहून बसत नाही. जुन्याला भाव येतो तो आवाजाने, आणि कोणाच्या हातचा आहे ते सिद्ध झालं तर. "खाँसाहेबांच्या काळातला" हे तर विकणारा प्रत्येक जण म्हणतो. ते खाँसाहेब, म्हणजे मिरजेत राहिलेले किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ, १९३७ मध्ये गेले. तुमच्या वाद्यावर कारागिराचं लेबल असेल तर पत्ता वाचा. त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ते लेबल १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, कारण पिनकोडच तेव्हा सुरू झाला. निम्म्या दंतकथा तिथेच संपतात.

षड्जपंचम
लेबलवर पिनकोड आहे. चला, एक दंतकथा गेली. तबलीच्या कडेला आणि दांडीवर पांढरी नक्षी आहे, घरात तिला "हस्तिदंती" म्हणतात. त्याने किंमत वाढेल का?

तळकोकणी
वाढणार नाही, उलट खरंच हस्तिदंत असेल तर विक्रीच थांबेल. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, १९९१ मध्ये आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही. मालकीचं प्रमाणपत्र असलं तरी विकता येत नाही. वारसाने घरात पुढे जाऊ शकतं, पैसे घेऊन नाही. घोडीचा माथा सांबरशिंगाचा असेल तर तीच भानगड, गळून पडलेल्या शिंगाचाही व्यापार चालत नाही. म्हणून आधी ओळखा. बहिर्गोल भिंग घ्या. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसते. हाडात बारीक काळसर ठिपके किंवा तुटक रेघा दिसतात. सेल्युलॉइड कापडाने जोरात चोळलं की कापरासारखा वास येतो. ७२ नंतरच्या वाद्यावर बहुतेक वेळा सेल्युलॉइड किंवा प्लास्टिकच असतं. एक मात्र करू नका, सुई तापवून टोचायची. सेल्युलॉइड भसकन पेटतं.

जोडाची_तार
नक्षी प्लास्टिकची निघाली तर बरंच झालं. तरी माझं मत ठेवा असंच आहे, कारण ठेवायला फार काही लागत नाही. माळ्यावर नको, स्लॅबखालच्या उन्हाच्या तापाने सांधे उकलतात. बाहेरच्या भिंतीला टेकवून नको, पावसाळ्यात ओल घेतो. भोपळ्याखाली कापडाची चुंबळ, अंगावर सुती गवसणी. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो. महिन्यातून एकदा काढायचा, कोरड्या कापडाने पुसायचा, लावायचा, पंधरा मिनिटं छेडायचा. वापर नसताना तारा पूर्ण उतरवून ठेवा, तबलीला आराम.

खुंटी_सरकली
पूर्ण उतरवू नका! घोडी तारांच्या दाबावर उभी असते. तारा लोंबल्या की घोडी सरकते, कधी पडते, आणि जवारीची जागा गेली की ती परत नेमकी सापडत नाही. चारही तारा दोन-तीन स्वरांनी सारख्या उतरवा, बस. एकच उतरवून बाकीच्या तशाच ठेवल्या तर दांडीला पीळ बसतो. घोडीच्या चारही बाजूंनी तबलीवर पेन्सिलीची हलकी खूण करून ठेवा.

खुंट्यांबद्दल: उन्हाळ्यात सैल पडून सरकल्या तर खुंटी काढून खडू घासा. पावसाळ्यात फुगून अडकल्या तर पकड लावू नका, दांडीला चीर जाते. थांबा, हवा कोरडी होऊ द्या. तेल कधीच नाही, एकदा तेल प्यालेलं भोक पुन्हा खुंटी धरत नाही.

लाखपॉलिश
हे सगळं वाचायला छान. पण वर्षातून दोनदा गवसणी काढणारं घर महिन्याला पंधरा मिनिटं काढेल, हे गृहीतच चुकीचं आहे. न वाजणारं वाद्य "जपलेलं" नसतं, त्याच्यात काय चाललंय ते कोणी बघत नसतं एवढंच. पोलादी तार गंजते, गंज घोडीवर उतरतो. भोपळ्याला भुंगा लागतो. बाहेर टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसते, तोवर आत साल पोखरलेली असते. रोज हातात असलेल्या वाद्यात हे आठवड्यात कळतं. गवसणीत दोन वर्षांनी.

षड्जपंचम
हे वाचून आत्ता तपासला. भोकं नाहीत, हलवल्यावर आत काही खुळखुळत नाही. पण भोपळ्याच्या मागच्या बाजूला एक चीर आहे, चारेक इंच. घोडीच्या पुढे तबली जराशी बसल्यासारखी वाटते.

खुंटी_सरकली
"वाटते" नको, मोजा. पोलादी पट्टी तबलीवर आडवी ठेवा, आधी घोडीच्या पुढे, मग मागे. जुनी तबली थोडी खाली येतेच, आणि दोन्हीकडे फरक सारखा असेल तर काळजी नाही. पुढे खळगा आणि मागे फुगवटा असेल तर तबली घोडीखाली फिरते आहे, दुरुस्ती मोठी. तबली उघडावी लागते, आतून लाकडी पट्टी लावून परत सरसाने बसवायची.

चिरेचं: नखाने दोन्ही कडा दाबा. हलत नसतील तर वरवरची आहे, सरस आणि भुशाने बुजते. हलत असतील आणि तार छेडल्यावर झणझण येत असेल तर आरपार आहे, तिलाही आतून कापड-सरसाचा ठिगळ लागतो. दोन्ही कामं निघाली तर एकदाच तबली उघडून करा. फेविकॉल ओतू नका. पुढच्या कारागिराला सांधा सोडवताना सरस गरम पाण्याने सुटतो, हे सहजी सुटत नाही.

लाखपॉलिश
म्हणजे आता दुरुस्तीचा खर्च विक्रीच्या किमतीच्या जवळ गेला. दुरुस्त करून विकू नका, आहे तसा दाखवून विका. चीर सांगा, पोलादी पट्टी ठेवून फोटो पाठवा. नवं चकचकीत पॉलिश करून चीर झाकलेला तंबोरा जाणकार गिऱ्हाईक ओळखतो आणि मग बाकीच्यावरही विश्वास ठेवत नाही.

जोडाची_तार
किंवा दुरुस्त करा आणि एखाद्या विद्यार्थ्याला वापरायला द्या. मालकी तुमची, वाजणं त्याचं. लाखपॉलिश यांचा न वाजण्याचा मुद्दाही मिटतो.

तळकोकणी
उसनं देणं हा सर्वांत वाईट मार्ग, तोंडी असेल तर. तार तुटली तर कोणी घालायची, जवारी कोणी कुठे काढायची, रिक्षातून न्यायचा की नाही, यातलं काही ठरलेलं नसतं. द्यायचाच तर एका कागदावर लिहा: मुदत एक वर्ष, तारा वापरणाऱ्याच्या, जवारी आणि तबली मालकाला विचारल्याशिवाय नाही, पट्टी काळी दोनच्या वर नाही. देताना चारही बाजूंचे फोटो. संग्रहालयाचा विचार करणाऱ्यांसाठी: पुण्याच्या केळकर संग्रहालयात वाद्यांचं दालन आहे, पण पिनकोडवाला साधा तंबोरा त्यांना कशाला हवा.

षड्जपंचम
पोलादी पट्टी ठेवून पाहिली, दोन्हीकडे फरक सारखाच आहे. चिरेच्या कडा हलत नाहीत. गायकाला चिरेचे फोटो पाठवले, त्याला चालतंय, त्याची गाण्याची पट्टी काळी एक. अजून होकार दिलेला नाही. दिलाच तर पाठवायचा कसा? तो पार्सल म्हणतोय.

खुंटी_सरकली
पार्सल नको, त्याला न्यायला बोलवा. तेच जमत नसेल तर: तारा तीन-चार स्वर उतरवा, मणी (सूर बारीक जुळवायला तारेत ओवलेले) आणि जवारीचे दोरे (घोडी आणि तारेमधले) काढून डबीत घाला. तारा आणि तबलीच्या मधे घडी केलेलं मऊ कापड, घोडीला दोन्हीकडून आधार. लाकडी पेटी, भोपळा जिथे बसतो तिथे फोमला गोल खोबण, म्हणजे वजन तळाच्या एका बिंदूवर येत नाही. भोपळ्याच्या गळ्याखाली आणि दांडीच्या टोकाखाली स्वतंत्र उशा. तंबोरा मोडतो तो बहुतेक वेळा गळ्याच्या सांध्यात, पेटी उभी आपटली की. पेटीवर "आडवी ठेवा" मराठी आणि हिंदी दोन्हीत लिहा.

जोडाची_तार
आणि तो न्यायला आला तर आधी त्याच्यासमोर काळी एकला लावून अर्धा तास छेडा. त्या वेळात खरज उतरला नाही, चीर बोलली नाही, तर किंमत पुन्हा ठरवा. मग त्याला तिसऱ्या हिश्श्यात देऊ नका.