‘क्रॉस-कझिन’ला मराठीत काय म्हणावं?

टिपणवही
मानवशास्त्राच्या एम.ए.ची प्रबंधिका मराठीत लिहायची आहे, विषय नातेसंबंध. ‘पॅरलल-कझिन’ला ‘समांतर भावंडं’ बसतं. ‘क्रॉस-कझिन’ला मार्गदर्शकांना ‘तिर्यक भावंडं’ हवं आहे, मला ‘आतेमामे भावंडं’ पुरेसं वाटतं. काय वापरावं?

नदीष्ट
‘तिर्यक’च. मानवशास्त्रज्ञ टायलरने १८८९ मध्ये ‘क्रॉस-कझिन’ हा शब्द आणला तो तत्त्व सांगायला. दोघांच्या पालकांमधला सख्खा दुवा भाऊ-बहीण असा असेल तर नातं तिर्यक. भाऊ-भाऊ किंवा बहीण-बहीण असेल तर समांतर. संज्ञेत हे दिसायला हवं. ‘आतेमामे’त दोन वेगळी नाती नुसती शेजारी ठेवली आहेत.

मोरपिशी
वेगळी कुठे आहेत? तो माझा मामेभाऊ असेल तर मी त्याची आतेबहीणच. चुलत मात्र दोन्हीकडून चुलत, मावस दोन्हीकडून मावस. म्हणजे आते आणि मामे ही एकाच नात्याची दोन टोकं, आणि जोडशब्द तुमचं तत्त्व चोख सांगतो. ‘तिर्यक’ म्हटलं की मराठी वाचकाला पशुपक्ष्यांची तिर्यक योनी आठवते. माणसांच्या नात्याला तो शब्द लावूच नये.

अक्षरवेडा
+१. ‘समांतर’नेही नुकसानच होतं. अरब समाजात लग्नाला पसंती चुलतबहिणीला, ‘बिंत अम्म’ला; मावसबहिणीला तसा मान नाही. मराठीत जे एका शब्दात सांगता येतं ते ‘समांतर, पण बापाकडून’ असं कशाला लिहायचं?

नदीष्ट
पहिल्या पायरीच्या भावंडांपुरतं ठीक. आईच्या मावसभावाचा मुलगा इरोक्वॉय पद्धतीत (उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवरून नाव पडलेली नाती मोजायची पद्धत) तिर्यक धरतात. त्याला काय म्हणणार?

मोरपिशी
मामेभाऊ! आईचा मावसभाऊ मामाच लागतो की.

नदीष्ट
आईचा मामेभाऊही मराठीत मामाच लागतो. पण द्राविडी, म्हणजे दक्षिण भारतातल्या नात्यांच्या पद्धतीत तो बापाच्या वर्गात जातो, म्हणून त्याची मुलं समांतर ठरतात. तुमच्या शब्दाने ती ‘आतेमामे’ होतील आणि तुलनेचं अख्खं प्रकरण चुकेल. संज्ञा बोलीपासून वेगळी हवी ती याचसाठी.

कोयनाकाठ
मजकुरात कुठलाही शब्द घ्या, आकृतीत अक्षरंच वापरा. बाप एफ, आई एम, भाऊ बी, मुलगी डी; बहिणीला झेड, कारण एस मुलग्याकडे गेलेला असतो. मामेबहीण एमबीडी, आतेबहीण एफझेडडी. माहिती घेताना ‘भावंडं किती’ असं विचारू नका, उत्तरात चुलतही येतात. एका आईच्या पोटची मुलं जन्माच्या क्रमाने, नावानिशी विचारा. वारलेली मुलं आणि सासरी गेलेल्या मुली मुद्दाम विचारल्याशिवाय सांगितल्या जात नाहीत. सगळ्यात मोठी चूक पुढेच होते. आपल्याकडे लग्नात बाईचं पहिलं नावही बदलायचे. माहेरच्या वंशावळीत एक नाव, सासरच्या वंशावळीत दुसरं, मग आकृतीत (तिथे बाई वर्तुळाने दाखवतात) एकाच बाईची दोन वर्तुळं पडतात आणि जो आतेमामे विवाह शोधायचा तोच आकृतीतून निसटतो. प्रत्येक व्यक्तीला एकच क्रमांक द्या, दोन्ही नावं त्याखाली लिहा.

टिपणवही
हे फार उपयोगी आहे. पण शीर्षकात कुठला शब्द घेऊ?

अक्षरवेडा
विवाहाचा विषय निघालाच आहे तर: इरावती कर्व्यांच्या १९५३च्या ग्रंथात आहे की महाराष्ट्रात अनेक जातींत मामेबहीण चालते, आतेबहीण चालत नाही. अशा लग्नात नवरीची सासू तिची सख्खी आत्या. सासूला ‘आत्याबाई’ म्हणतात ते यामुळेच. कानडीतही ‘अत्ते’ म्हणजे आत्या आणि सासू दोन्ही. आपला शब्द तिकडूनच आला.

नदीष्ट
कानडीपर्यंत जायची गरज नाही. गाथासप्तशतीत ‘अत्ता’ म्हणजे सासू. माहाराष्ट्री प्राकृतात शब्द घरचाच आहे.

अक्षरवेडा
आणि प्राकृतात तो कुठून आला?

कोयनाकाठ
आत्याबाई जुळतं. मग सासऱ्याला ‘मामंजी’ कसं? सासरा मामा व्हायचा तर बाईने मामाच्या मुलाशी लग्न करायला हवं. म्हणजे नवऱ्याने आतेबहिणीशी, आणि निषिद्ध तर तेच.

मोरपिशी
खूप घरांत आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात. त्या हिशेबाने आत्याबाई आणि मामंजी ही सरळ नवरा-बायकोची जोडी होते.

नदीष्ट
आत्याच्या नवऱ्याला ‘आतोबा’ असा स्वतंत्र शब्द असताना मामा कशाला म्हणतील?