मदत हवी आहे : कोंबडा कापताना त्याची तडफड कमी कशी करता येईल?

चिपळूणजवळ गावी परसात १४ गावठी कोंबड्या आणि ५ कोंबडे पाळले आहेत, घरच्या खाण्यापुरते. विकायचे नाहीत. आतापर्यंत दोन कोंबडे स्वतः कापले.

आदल्या रात्रीपासून दाणे बंद, पाणी चालू. पहाटे अंधारातच खुराड्यातून काढतो, म्हणजे ते बिथरत नाहीत. पहिला कोंबडा पायाखाली पंख दाबून कापला. फार फडफडला, सुरी सरकली आणि दुसरा वार करावा लागला. ते अजून मनातून जात नाही. हातांनी वाढवलेला जीव आहे, निदान शेवट तरी नीट व्हायला हवा. दुसऱ्या वेळी पाय बांधून उलटा धरला, सुरी आधी दगडावर घासून घेतली. बरं झालं, पण पंख मोकळेच राहिले.

आता पत्र्याचं नरसाळं करून त्यात कोंबडा उलटा ठेवायचा आणि जबड्याच्या लगेच खाली दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या कापायच्या, असं ठरवलंय. कोंबडे सव्वादोन ते अडीच किलोचे आहेत. विजेवर बेशुद्ध करायचं यंत्र परवडणारं नाही. हलाल-झटक्याचं बंधन घरात नाही.

ज्यांनी नरसाळं वापरलंय त्यांनी सांगा : एवढ्या वजनाला वरचं तोंड आणि खालचं भोक किती इंचाचं ठेवू? आणि पिसं काढायला गरम पाण्यात बुडवण्याआधी जीव पूर्ण गेलाय, हे नक्की कशावरून ओळखता?