ग्राहकाने 'झालं' म्हटल्याशिवाय तक्रार बंद करता येऊ नये – असा नियम हवा का?

धरमपेठकर
ऑनलाइन घेतलेला एसी मे महिन्यात बंद पडला, घेऊन दोनच महिने झालेले. बाहेर ४५ अंश आणि घरात ऐंशीची आई. तक्रार नोंदवली, मिनिटभरात क्रमांक आला. चौथ्या दिवशी मेसेज: 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.' घरी कोणी फिरकलंच नव्हतं! पुन्हा नोंदवली, पुन्हा बंद. शेवटी माळ्यावरचा कूलर काढला, वाळा बदलला आणि आईच्या खोलीत लावला.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. पोच यंत्र देतं. निवारण झालं की नाही हे कंपनीच ठरवते. माझं म्हणणं, ग्राहकाचा होकार नसेल तर तक्रार उघडीच राहिली पाहिजे, आणि हे नियमातच लिहा.

बर्डीचा दुकानदार
मला नाही पटत जी. कूलरचा पंप कोरडा चालवून जाळतात आणि बदलून मागतात. असा माणूस 'झालं' कधी म्हणेल? त्याची तक्रार काय जन्मभर उघडी ठेवायची? मोठी कंपनी वकील ठेवेल, आम्ही काय ठेवावं?

धरमपेठकर
भाऊ, हे नियम ऑनलाइन विक्रीचे आहेत, तुमच्या काउंटरचे नाहीत.

बर्डीचा दुकानदार
आज नाहीत. उद्या येतीलच ना.

हेडफोनवाली
मी तीन वर्षं कस्टमर केअरला होते. होकाराची सोय बऱ्याच कंपन्यांनी आधीच केली आहे, त्याला 'हॅपी कोड' म्हणतात, म्हणजे काम झालं की ग्राहकाने टेक्निशियनला सांगायचा कोड. मग टेक्निशियन फोनवरच म्हणतो, "ताई, कोड सांगून द्या, नाही तर माझे पैसे कापतात, उद्या नक्की येतो." लोक दया येऊन सांगतात. कॉल, म्हणजे तक्रार, बंद झाला की तो उद्या उगवत नाही. त्यालाही दोष देववत नाही, कारण कॉल किती वेळात बंद केला यावर त्याचा पगार ठरतो. माझ्या स्क्रीनवर तर पैसे परत करायचं बटणच नव्हतं. माफी मागायची, एवढाच अधिकार. नियम करायचाच असेल तर फोन उचलणाऱ्याला काहीतरी ठरवता येईल असा करा.

सिव्हिल लाइन्स, वकील
नवा नियम कशाला? आहे तो कायदा वापरा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरवर फोन करा. नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथेच, म्हणजे नागपुरातच तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. वस्तू ५ लाखांपर्यंतची असेल तर फी नाही, वकीलही लागत नाही, मुदत दोन वर्षं. 'शारीरिक व मानसिक त्रासापोटी' वेगळी रक्कम मागता येते.

आणि दुकानदार भाऊ, 'विकलेला माल परत घेणार नाही' असं बिलावर छापून सदोष माल नाकारता येत नाही. ती अनुचित व्यापार प्रथा ठरते.

धरमपेठकर
वकीलसाहेब, निकाल 'शक्यतो' तीन महिन्यांत, असं कायदाच म्हणतो. त्या 'शक्यतो'मध्ये किती तारखा बसतात ते तुम्हालाच ठाऊक. आईला मे महिन्यात थंडावा हवा होता. दिवाळीनंतरच्या भरपाईने तो मिळत नाही.

हेडफोनवाल्या ताईंचं मात्र पटलं. नुसता कोड पुरणार नाही. पंपाचंही खरं आहे. मग असं करा: एक तर ग्राहकाचा होकार, नाही तर टेक्निशियनने पाहिल्याच्या तारखेसह लेखी नकार, कारण देऊन.

सिव्हिल लाइन्स, वकील
लेखी नकार मिळाला तर आयोगापुढे अर्धी लढाई तिथेच होते. हे मान्य. ते दोन्ही 'तक्रार सोडवली'चे मेसेज जपून ठेवा, पुसू नका.

बर्डीचा दुकानदार
कारण लिहून द्यायला माझी ना नाही. बिलाच्या मागेच लिहीन, 'पंप कोरडा चालवला', सही करून. पण गिऱ्हाइकाच्या होकारावर अडवून ठेवणं मला आजही मान्य नाही.