मदत हवी आहे: आईचा कोविड लसीचा बूस्टर गणपतीआधी की नंतर? (ऑगस्ट २०२२)

आई ७४ वर्षांची, मधुमेह आहे. कोविशिल्डचे दोन्ही डोस गेल्या वर्षीच झालेत. बूस्टरसाठीचं अंतर आता नऊवरून सहा महिन्यांवर आलंय, म्हणजे ती केव्हाच पात्र आहे. पण जूनअखेरीस तिला कोविड झाला. बरं झाल्यावर तीन महिने थांबायचा नियम आहे. इकडे ३१ ऑगस्टला गणपती, घरात पाहुण्यांची वर्दळ. ती हट्टानं म्हणते, "आधीच घेऊन टाकू." मला थांबणं योग्य वाटतं, पण गर्दीची धास्तीही आहे.

आता बूस्टर म्हणून कॉर्बेव्हॅक्स ही वेगळी लसही चालते. कोविशिल्डनंतर ती ज्येष्ठांना कोणी दिलीय का? आई रक्त पातळ व्हायची गोळी घेते, मागे सुईच्या जागी दंड काळानिळा पडला होता. अशांनी काय काळजी घेतली? शिवाय कोविन या लसनोंदणीच्या पोर्टलवरचा तिचा जुना नंबर बंद आहे. थेट केंद्रावर नोंदणी होते का? कृपया अनुभव सांगा.