न्यूयॉर्क: तीन दिवस, सहा जण, दुखरे गुडघे आणि शाकाहारी पान

ओहायोकर, सोमवार सकाळ

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये बुधवार ते शुक्रवार न्यूयॉर्क करायचं आहे. सहा जण: आम्ही दोघं, आई-बाबा (आईचे गुडघे दुखतात, जिने नकोत), मुलं ९ आणि ४ वर्षांची. सगळे शाकाहारी, आई-बाबांना अंडंही चालत नाही. गाडी आमचीच. हॉटेल जर्सी सिटीत, जर्नल स्क्वेअरजवळ. कच्चा आराखडा असा:

बुधवार: लिबर्टी (स्वातंत्र्यदेवीचा पुतळा), मेट म्युझियम (कलेचं), एम्पायर स्टेट.
गुरुवार: नॅचरल हिस्टरी म्युझियम, ब्रुकलिन ब्रिज चालत, ब्रॉडवे शो.
शुक्रवार: ९/११ स्मारक, सेंट्रल पार्क, टाइम्स स्क्वेअर, रात्री जॅक्सन हाइट्सला (क्वीन्समधली देशी वस्ती) जेवण.

कुठे चुकतंय ते मोकळेपणाने सांगा.

जर्सी सिटीकर, सोमवार दुपार

पहिल्याच दिवशी खोट आहे. मेट बुधवारी बंद असतं. शुक्रवारी आणि शनिवारी ते रात्री ९ पर्यंत उघडं असतं, तेव्हा न्यायचंच असेल तर शुक्रवार संध्याकाळ.

पण खरी अडचण वाराची नाही. तुम्ही ठिकाणांची यादी केलीय, नकाशा पाहिलेला नाही. गुरुवारी तुम्ही ८१ व्या रस्त्यावरून ब्रुकलिनला उतरताय आणि तिथून परत ४५ व्या रस्त्याच्या आसपास वर येताय. मॅनहटनमध्ये उत्तर-दक्षिण साधारण २० ब्लॉक म्हणजे एक मैल. पूर्व-पश्चिम ब्लॉक मात्र चांगलेच लांब, कुठेकुठे तिप्पट. 'दोन अ‍ॅव्हेन्यू पलीकडे' ऐकून आईंना चालवायला निघाल तर पहिल्याच दिवशी गुडघे संपतील. एका दिवसाला शहराचा एकच तुकडा धरा.

लिबर्टीसाठी मॅनहटनच्या टोकाला जाऊच नका. अधिकृत बोटसेवा एकच आहे, ती बॅटरी पार्कवरूनही सुटते आणि तुमच्या बाजूच्या लिबर्टी स्टेट पार्कवरूनही. इथे गाडी लावता येते, रांगही बहुधा लहान असते. तिकिटात लिबर्टी आणि एलिस दोन्ही बेटं येतात. सकाळची पहिली बोट धरा. दुपारी २ नंतर निघालात तर दोन्ही बेटं होत नाहीत. मुकुटाचा नाद सोडा: चौथऱ्याच्या वर १६२ अरुंद पायऱ्या आहेत. बेटावरच्या म्युझियममध्ये मूळ मशाल ठेवली आहे, ती साध्या तिकिटात, जिना न चढता दिसते. विमानतळासारखी तपासणी असते, तेव्हा आंबे कापायची सुरी डब्यात ठेवू नका.

आणि एक, इथेच लोक फसतात: परतताना बेटावर दोन रांगा असतात, न्यूयॉर्कची आणि न्यू जर्सीची. चुकीच्या बोटीत चढलात तर गाडी एका काठाला आणि सहा जण दुसऱ्या.

बाकी दोन दिवस गाडी हॉटेलवरच राहू दे. ६० व्या रस्त्याच्या दक्षिणेला शिरलं की जानेवारी २०२५ पासून गर्दीकर लागतो: ई-झेडपास (गाडीत लावायचा टोलचा टॅग) असेल तर कारला दिवसा ९ डॉलर, नसेल तर १३.५०. शिवाय बोगद्याचा टोल आणि पार्किंग. जर्नल स्क्वेअरवरून पाथच्या (नदीखालून मॅनहटनला जाणारी रेल्वे) दोन गाड्या तुमच्या कामाच्या: एक वर्ल्ड ट्रेड सेंटरला, दुसरी ३३ व्या रस्त्याला. तिन्ही स्थानकांत लिफ्ट आहे. मधल्या क्रिस्टोफर, ९, १४, २३ या स्थानकांत नाही, तिथे उतरायचा मोह नको.

क्वीन्सकर, सोमवार रात्र

वरच्या पत्राशी सहमत, फक्त म्युझियमबद्दल माझं मत वेगळं. मुलं ९ आणि ४ ची असताना मेट म्हणजे 'हात लावू नकोस' एवढंच वाक्य तीन तास म्हणणं. नॅचरल हिस्टरी एकच करा आणि नीट करा. डायनोसॉर, ९४ फुटी निळा देवमासा, आणि खनिजांच्या दालनात 'स्टार ऑफ इंडिया' नावाचा ५६३ कॅरेटचा नीलम. नाव इंडियाचं, माल श्रीलंकेचा. बाबांना ही माहिती आवडेल. 'द्याल तेवढे पैसे' ही सोय तिथे न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि कनेटिकटच्या रहिवाशांना आहे. हॉटेल जर्सीत असलं तरी ओहायोच्या पत्त्यावर ती मिळणार नाही.

जायचं कसं? भुयारी गाडी ८१ व्या रस्त्याला थेट म्युझियमखाली थांबते खरी, पण त्या स्थानकात लिफ्ट नाही. ३३ व्या रस्त्याला पाथमधून वर आलात की सहाव्या अ‍ॅव्हेन्यूवरून उत्तरेला जाणारी एम-७ बस घ्या. बसला रॅम्प असतो आणि चालक ती फुटपाथकडे झुकवतोही. अ‍ॅम्स्टरडॅम अ‍ॅव्हेन्यूवर ७९-८१ च्या आसपास उतरा, एक लांब ब्लॉक पूर्वेला चाला, समोर कोलंबस अ‍ॅव्हेन्यूवरचं २०२३ साली उघडलेलं गिल्डर सेंटरचं दार. दुसऱ्या बाजूने बाहेर पडलात की सेंट्रल पार्क. ८४३ एकरांचं पार्क 'बघायला' जाऊ नका, बाकावर बसायला जा. सायकलरिक्षात बसायचंच असेल तर पाटीवरचा भाव मिनिटाचा असतो हे वाचून मग बसा.

ब्रुकलिन ब्रिज चालत म्हणजे मैलभराहून जास्त, आधी चढ, मध्ये स्वच्छतागृह नाही. तुमच्या मंडळींना नको. त्याऐवजी वॉल स्ट्रीटच्या पिअर ११ वरून एनवायसी फेरीचा ईस्ट रिव्हर मार्ग पकडून ३४ व्या रस्त्यापर्यंत या. ब्रुकलिन, मॅनहटन आणि विल्यम्सबर्ग, तिन्ही पूल बोटीत बसून डोक्यावरून जातात. एका फेरीचं तिकीट ४.५० डॉलर, सबवेचं कार्ड तिथे चालत नाही, अ‍ॅपवर किंवा धक्क्यावरच्या मशीनवर काढावं लागतं.

आता जेवण. इथे 'व्हेजिटेरियन' म्हटलं की त्यात अंडं आलंच, हे पक्कं धरा. बर्गरच्या गोड पावात अंडं असतं, ताज्या पास्त्यात असतं (सुक्यात सहसा नसतं). सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही मासा, मिसो सूपच्या पाण्यात मासा, थाई करीत फिश सॉस, मेक्सिकन राजम्यात कधी डुकराची चरबी, भातात चिकनचं पाणी. म्हणून 'हे व्हेज आहे का' विचारू नका. 'यात अंडं, मासा किंवा मांसाचा रस आहे का' असे तीन शब्द तीन वेळा उच्चारून विचारा. 'व्हीगन' लिहिलेलं डोळे मिटून घ्या, फार तर वरून दही मागता येणार नाही. बिनधास्त पर्याय: फलाफल, इथिओपियन डाळी-भाज्यांचं ताट, आणि पिझ्झाची साधी स्लाइस. पिझ्झ्याच्या चीजमध्ये प्राणिज रेनेट (वासराच्या पोटातलं, दूध घट्ट करणारं विरजण) असू शकतं. तेवढं कडक पाळत असाल तर तोही नको. रस्त्यावरच्या गाड्यांवर फलाफल आणि चिकन बहुतेक एकाच तव्यावर.

दुपारी मिडटाऊनमध्ये असाल तर करी हिल, म्हणजे लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यू, साधारण २६ ते ३० वा रस्ता. दक्षिणी शाकाहारी जेवण तिथे हमखास मिळतं. १२३ लेक्सिंग्टनला कलुस्त्यान नावाचं मसाल्यांचं जुनं दुकान आहे. याच इमारतीत १८८१ साली चेस्टर आर्थरनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. आज तिथे हिंग मिळतो. ग्रँड सेंट्रलहून ६ नंबरची गाडी २८ व्या रस्त्याला जाते, पण तिथे लिफ्ट नाही. लेक्सिंग्टनवरून दक्षिणेला जाणारी एम-१०१, १०२ किंवा १०३ बस घ्या.

जॅक्सन हाइट्स माझं लाडकं, तरी या खेपेला सोडा. ७४ व्या रस्त्याला जेवून रात्री मुलांना घेऊन जर्नल स्क्वेअरला परतायचं म्हणजे एक तास सहज. आणि शाकाहारी गुजराती-दक्षिणी खाणावळींची रांग तुमच्या हॉटेलापासून पायी अंतरावर, नूअर्क अ‍ॅव्हेन्यूच्या इंडिया स्क्वेअरमध्ये आहे! रात्रीचं जेवण नदीच्या अलीकडे, हा नियम करून टाका.

जर्सी सिटीकर, मंगळवार सकाळ

इंडिया स्क्वेअर मीच सुचवायला हवं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पैशांचं राहिलं. न्यूयॉर्कमध्ये हॉटेलात जेवणावर विक्रीकर ८.८७५ टक्के. बिलावरच्या कराची दुप्पट केली की पावणेअठरा टक्के होतात, टिपचा हिशोब तिथेच संपला. मात्र सहा जणांच्या टेबलाला बऱ्याच ठिकाणी टिप आधीच लावलेली असते. 'ग्रॅच्युइटी' ही ओळ न वाचता सही केली तर दोनदा द्याल. सहा जणांचं टेबल राखलं तरी सगळे हजर झाल्याशिवाय बसवत नाहीत, तेव्हा 'तुम्ही बसा, आम्ही आलोच' इथे चालत नाही. राखताना कार्ड मागितलं तर रद्द करण्याची मुदत वाचा, उशिरा रद्द केलं तर माणशी दंड पडतो.

सबवे-बसचं भाडं २०२६ पासून ३ डॉलर. मेट्रोकार्ड विकणं बंद झालंय, साधं बँकेचं कार्ड टॅप करायचं. ४४ इंचांपेक्षा बुटकं मूल मोठ्यांबरोबर फुकट. बाबांचं भारतातलं कार्ड चालेल, पण त्यावर परदेशी आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून आधी सुरू केलेले हवेत, नाहीतर फाटकावर लाल दिवा आणि मागे रांग. फाटकातून जाण्याआधी पाटी वाचा: 'अपटाऊन' (उत्तरेला) आणि 'डाऊनटाऊन'ची (दक्षिणेला) दारं बऱ्याच स्थानकांत वेगळी असतात, चुकलं की पुन्हा पैसे. लिफ्ट बंद आहे का ते एमटीएच्या (सबवे-बस चालवणारी संस्था) संकेतस्थळावर निघण्याआधी पाहावं. नकाशात लिफ्ट असणं आणि ती चालू असणं या दोन वेगळ्या गोष्टी.

ओहायोकर, मंगळवार दुपार

खूप आभार. नवा आराखडा: बुधवारी लिबर्टी-एलिस, दुपारी विश्रांती, संध्याकाळी पाथने ९/११ चे जलकुंड. गुरुवारी म्युझियम आणि पार्क. शुक्रवारी फेरी, ग्रँड सेंट्रल, करी हिल, उंच इमारत, टाइम्स स्क्वेअर. दोन शंका: उंच इमारत कोणती? आणि ब्रॉडवे पूर्ण सोडायचं का?

क्वीन्सकर, मंगळवार रात्र

एकच चढा. माझं मत टॉप ऑफ द रॉकला (रॉकफेलर सेंटरची गच्ची): तिथून एम्पायर स्टेट दिसते, एम्पायर स्टेटवर चढलात तर तीच दिसत नाही. शिवाय एका बाजूला सगळं सेंट्रल पार्क. समिट वन व्हँडरबिल्ट या ग्रँड सेंट्रलशेजारच्या उंच इमारतीत आरशांची जमीन आहे, साडी किंवा झगा असेल तर पंचाईत. जूनमध्ये सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. त्या वेळेची तिकिटं महाग असतात. साडेसातची वेळ घ्या आणि वरच रेंगाळा, खाली उतरा म्हणून कोणी मागे लागत नाही. उजेड आणि दिवे दोन्ही मिळतील.

ब्रॉडवे हवंच असेल तर बुधवार दुपार, बहुतेक नाटकांचा २ चा खेळ. पण मग लिबर्टी त्या दिवशी नाही. टाइम्स स्क्वेअरच्या लाल पायऱ्यांखालच्या टीकेटीएस खिडकीवर सवलतीची तिकिटं मिळतात, पण सहा खुर्च्या एकत्र मिळण्याची आशा धरू नका. चार वर्षांच्या मुलालाही पूर्ण तिकीट लागतं, मांडीवर चालत नाही. अडीच तास ते बसेल का, ते तुम्हालाच माहीत.

शुक्रवारी स्वच्छतागृहाच्या जागा लिहून ठेवा: ग्रँड सेंट्रलचा खालचा मजला, ब्रायंट पार्क, शेजारचं पाचव्या अ‍ॅव्हेन्यूवरचं ग्रंथालय. टाइम्स स्क्वेअरला शोधत बसावं लागतं, तेव्हा आधी ब्रायंट पार्क, मग टाइम्स स्क्वेअर. तिथे कार्टूनचे पोशाख घातलेले फोटोनंतर पैसे मागतात, मुलांना आधीच सांगून ठेवा.

जर्सी सिटीकर, मंगळवार रात्र

फक्त परतीचं. ३३ व्या रस्त्यावरून रात्री उशिरा निघालात आणि पाथच्या पाटीवर 'होबोकनमार्गे' लिहिलेलं असलं, तर होबोकनला गाडी थांबून उलट दिशेने चालू लागते. घाबरून उतरू नका, तीच पुढे जर्नल स्क्वेअरला येते.