व्हार्मिंट रायफल: वेग चार हजार फुटांच्या पुढे गेला की नेम का विखुरतो?

माळरान

प्रेअरी डॉग आणि वुडचक या बिळांत राहणाऱ्या लहान उपद्रवी प्राण्यांच्या (यांनाच 'व्हार्मिंट' म्हणतात) शिकारीसाठी मी .२२-२५० रेमिंग्टन या काडतुसाची रायफल वापरतो. नळी २६ इंची व जाड असून तिचा पीळ, म्हणजे आतल्या सर्पिल आट्यांचे वळण, ८ इंचांत एक फेरा असा आहे. कारखान्यात भरलेली ५५ ग्रेन (गोळीच्या वजनाचे एकक) गोळीची काडतुसे वापरली, तर १०० यार्डांवर पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावरील छिद्रांचा पसारा, पाऊण इंचाच्या आत राहतो. वेग वाढावा आणि गोळीचा मार्ग अधिक सपाट व्हावा, या हेतूने मी ४० ग्रेनच्या पातळ आवरणाच्या गोळ्यांची काडतुसे घेतली. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) वेग ४१०० फूट प्रतिसेकंदाच्या आसपास दिसतो, परंतु ग्रुप दोन इंचांपर्यंत पसरतो. याहून विचित्र बाब अशी की, मधूनच एखाद्या गोळीचे कागदावर छिद्रच उमटत नाही. शेजारी दुर्बीण लावून बसलेल्या मित्राला अशा वेळी नळी आणि कागद यांच्या दरम्यान हवेत एक फिकट राखाडी रेघ दिसली. अतिवेग हाच अचूकतेचा शत्रू मानावा काय, की रायफलीत दोष आहे? .२२० स्विफ्ट या दुसऱ्या अतिवेगवान काडतुसाची रायफल घेण्याचाही विचार मनात आहे.

पीळदार

रायफलीत दोष नाही आणि एकट्या वेगाचाही नाही. आपली नळी आणि ही गोळी यांची जोडी जुळलेली नाही. ती राखाडी रेघ म्हणजे आपली गोळीच आहे. आवरण फाटून तिचे शिसे हवेत भुकटी होऊन उडाले आहे.

हिशेब सोपा आहे. वेग फूट प्रतिसेकंदात घ्यावा, त्याला ७२० ने गुणावे आणि पिळाच्या इंचांनी भागावे, म्हणजे गोळीचे मिनिटाला किती फेरे होतात ते मिळते. आपल्या नळीतून ४१०० फुटांच्या वेगाने निघालेली गोळी मिनिटाला सुमारे ३,६९,००० फेरे घेते. या काडतुसाची परंपरागत नळी १४ इंचांत एक फेरा देणारी असते आणि तिच्यातून त्याच वेगाची गोळी सुमारे २,११,००० फेरेच घेते. व्हार्मिंटच्या गोळीचे आवरण मुद्दाम पातळ ठेवलेले असते, कारण लहानशा प्राण्यावर किंवा जमिनीवर आदळताच तिचे तुकडे व्हावेत आणि ती उसळून भलतीकडे जाऊ नये, अशी अपेक्षा असते. अशा आवरणावर आट्यांच्या खुणा उमटलेल्या असताना तीन लाखांपलीकडचे फेरे लादले, तर काही गोळ्या टिकतात आणि काही टिकत नाहीत. आपल्याला मधूनच छिद्र मिळत नाही, ते याचमुळे.

ज्या गोळ्या टिकतात, त्यांचा ग्रुप का पसरतो, हा प्रश्न उरतो. कोणत्याही गोळीचे गुरुत्वकेंद्र तिच्या अक्षावर तंतोतंत नसते. नळीत असेपर्यंत गोळीला नळीच्या अक्षाभोवतीच फिरावे लागते. तोंडातून सुटताच ते सरकलेले केंद्र तिला बाजूला फेकते. हे केंद्र इंचाच्या दहा हजार भागांपैकी केवळ दोन भागांनी सरकलेले असले, तरी ८ च्या पिळातून सुटलेली गोळी १०० यार्डांवर सुमारे ०.५७ इंच बाजूला जाते, आणि १४ च्या पिळातून ०.३२ इंच. या गणितात वेग येतच नाही, कारण वेग वाढला की बाजूचा झटका आणि पुढची धाव ही दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात. कोन ठरतो तो केवळ पीळ आणि गोळीचा घडीवपणा यांवर. म्हणूनच बेंचरेस्टचे (मेजावर रायफल टेकवून अचूक नेमबाजी करणारे) स्पर्धक गोळीला स्थिर ठेवण्यापुरताच, त्याहून फारसा जास्त नसलेला पीळ निवडतात.

हलक्या गोळ्याच वापरायच्या असतील, तर १४ किंवा १२ च्या पिळाची नळी बसवून घ्यावी.

जुनी_नळी

वरील विवेचन योग्य आहे, मात्र स्विफ्टच्या मोहाविषयी थोडे सांगणे आवश्यक वाटते. विंचेस्टरने १९३५ मध्ये .२२० स्विफ्ट बाजारात आणली तेव्हा ४८ ग्रेनच्या गोळीला ४११० फुटांचा वेग जाहीर केला होता, आणि त्या काळी ही थक्क करणारी गोष्ट होती. त्यानंतर लवकरच 'नळ्या खाणारे काडतूस' अशी तिची ख्याती झाली. चेंबरच्या (नळीतील काडतूस बसण्याच्या जागेच्या) पुढे जिथे आटे सुरू होतात, तो भाग प्रत्येक गोळी झाडताना तापलेल्या वायूचा मारा सोसतो. बारीक छिद्रातून जितकी जास्त दारू जळत जाईल, तितका तो लवकर झिजतो. प्रेअरी डॉगच्या वसाहतीसमोर बसलेला माणूस भराभर बार काढतो, नळी हाताला सहन होणार नाही इतकी तापते आणि ही झीज कित्येक पटींनी वाढते. दोन रायफली आळीपाळीने वापरणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे.

वेगाच्या नादात माणूस कुठवर जातो, हे पाहायचे असेल तर रायफली घडवणारे कारागीर पी. ओ. ॲक्ली यांचे '.२२ इयरगेसप्लिटन लाउडनबूमर' हे काडतूस आठवावे. हत्तीच्या शिकारीला चालेल अशा .३७८ वेदरबी काडतुसाच्या धातूच्या कवचाचे तोंड त्यांनी .२२ गोळीसाठी आवळले. लक्ष्य ५००० फुटांचे होते, हाती सुमारे ४६०० फूट आले. नाव गमतीने ठेवले होते आणि काडतूसही तेवढ्याच गांभीर्याने घ्यावे. .२२-२५० आणि स्विफ्ट यांतील फरक इतका थोडा आहे की त्यासाठी दुसरी रायफल घेण्यात अर्थ नाही.

वाऱ्याचा_हिशेब

पीळदार यांच्या गणिताशी मी सहमत आहे, परंतु नळी बदलण्याच्या सल्ल्याशी नाही. आपली ५५ ग्रेनची गोळी सुमारे ३६८० फुटांनी सुटते. ३०० यार्डांवर तिच्या वेगात ४० फुटांची तफावत पडली, तर ती साधारण एक सेंटीमीटर वर-खाली लागेल. ताशी १० मैलांचा आडवा वारा मात्र तिला त्याच अंतरावर सुमारे ३० सेंटीमीटर ढकलतो. म्हणजे वाऱ्याचा अंदाज एका मैलाने चुकला, तरी तीन सेंटीमीटर गेले. वारा गोळीला किती ढकलतो हे उड्डाणाच्या एकूण वेळेवर ठरत नाही. हवा नसती तर जितका वेळ लागला असता, त्याहून प्रत्यक्षात किती जास्त लागला, या विलंबावर ते ठरते. हलकी गोळी वेगाने निघते, पण वेग लवकर गमावते आणि विलंब वाढतो. आपली ८ च्या पिळाची नळी लांब, निमुळत्या, ७० ते ७५ ग्रेनच्या गोळ्यांसाठीच आहे. त्या वापरल्यास २५० यार्डांपुढे वाऱ्याचा त्रास स्पष्टपणे कमी होतो. अट एकच: अशा काही गोळ्या आदळल्यावर फुटत नाहीत, त्यामुळे मागे मातीचा उंच बांध असल्याखेरीज बार काढू नये.

आणखी एक सूचना. ग्रुपची तुलना करताना तीन गोळ्यांवर विसंबू नये. त्याच रायफलीचा, त्याच काडतुसाचा दहा गोळ्यांचा ग्रुप तीन गोळ्यांच्या ग्रुपच्या सरासरी दीडपटीहून थोडा मोठाच येतो. काडतुसात बिघाड झाला असा निष्कर्ष त्यावरून काढणे अन्यायाचे आहे.

माळरान

सर्वांचे आभार. जड गोळ्यांचा पर्याय पटला. पुढे कॅलिफोर्नियात शिकारीला जाण्याची शक्यता आहे आणि तेथे १ जुलै २०१९ पासून वन्यप्राण्यांच्या शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आहे. तांब्याच्या गोळ्यांना हाच पीळ चालेल काय?

पीळदार

चालेल, आणि येथे आपली नळी माझ्या १४ च्या नळीपेक्षा सरस ठरेल, हे वाऱ्याचा_हिशेब यांच्या बाजूने मान्य करावे लागेल. तांबे शिशाहून हलके असल्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी अधिक लांब होते, आणि पिळाची गरज मुख्यतः लांबीवर ठरते. गणितज्ञ ग्रीनहिल यांच्या १८७९ च्या सूत्रानुसार, वेग २८०० फुटांपुढे असल्यास १८० ला व्यासाच्या वर्गाने गुणून लांबीने भागावे. .२२४ इंच व्यासाची गोळी ०.६५ इंच लांब असेल, तर सुमारे १४ चा पीळ पुरतो, ०.७५ इंचाला १२ चा आणि ०.९ इंचाला १० चा लागतो. सूत्र शिशाच्या घनतेसाठी बांधलेले आहे, त्यामुळे तांब्यासाठी आलेल्या आकड्याहून आणखी एक-दोन इंच कमी, म्हणजे अधिक तीव्र पीळ गृहीत धरावा. काडतुसे घेताना खोक्यावरील वजन पाहून थांबू नये. निर्मात्याने त्या गोळीसाठी किमान कोणता पीळ सांगितला आहे, ते आधी वाचावे.