प्लास्टिकची जाळी शरीरात चालते, मग किडनीला आयुष्यभर गोळ्या का?

पूर्वभाग_लूमवाला
नमस्कार मंडळी. वडिलांचं नुकतंच हर्नियाचं ऑपरेशन झालं, जांघेतला हर्निया, आत जाळी बसवलीय. डॉक्टर म्हणाले पॉलीप्रोपिलीनची आहे, आता कायम आतच राहणार. थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या, विषय संपला. आणि दुसरीकडं माझ्या मावशीला किडनी बसवलीय, ती पण सख्ख्या भावाची, तर तिला रोज सकाळ-संध्याकाळ घड्याळ बघून गोळ्या, वरनं रक्तातली औषधाची लेवल तपासायला सारखं जायचं. आता मला सांगा, सख्ख्या भावाची किडनी शरीराला परकी वाटते आणि खताची पोती ज्याची बनतात ते प्लास्टिक चालतं, हे कसं काय? आमचं टॉवेलचं काम आहे, दोऱ्यातलं कळतं, यातलं कळत नाही. वडील पण रोज विचारतायत, ही जाळी पुढं कधी शरीर बाहेर फेकेल का म्हणून.

सर्जरी_रेसिडेंट_सोलापूर
आमच्या वॉर्डात हे खूप जण विचारतात, आणि घाईत कुणी नीट सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर एचएलए नावाची प्रोटीन्स असतात, पेशीचं आधार कार्डच समजा. टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी फिरत फिरत तेच वाचत असतात. सख्खी भावंडं असली तरी एचएलए पूर्ण जुळायची शक्यता चारात एक, आणि पूर्ण जुळलं तरी बाकीची बारीकसारीक प्रोटीन्स वेगळी असतातच. म्हणून भावाची किडनी पण टी-पेशींना परकी दिसते. 1954 मध्ये बॉस्टनला जोसेफ मरे यांनी पहिली यशस्वी किडनी बसवली ती एकसारख्या जुळ्या भावांमध्ये, तिथं कार्ड एकच होतं म्हणून जमलं.

प्लास्टिकच्या अंगावर प्रोटीनच नाही, नुसता कार्बन आणि हायड्रोजन. टी-पेशीला वाचायलाच काही नाही. त्यामुळं किडनीसारखं रिजेक्शन, म्हणजे परकं समजून टी-पेशींनी केलेला हल्ला, जाळीचं होत नाही.

पण शरीर जाळीला स्वीकारतं असं समजू नका ओ. जाळी आत गेल्या गेल्या रक्तातली प्रोटीन्स तिच्यावर चिकटतात, मग मॅक्रोफेज पेशी येतात, गिळायला बघतात, एवढा मोठा दोरा गिळता येत नाही म्हणून दहा-वीस जणी एकत्र होऊन एक मोठी पेशी बनते आणि दोऱ्याला चिकटून बसते. त्याच्याभोवती कोलॅजन, म्हणजे व्रण घट्ट करणारं प्रोटीन, भरतं. हर्नियात आपल्याला नेमकं तेच पाहिजे असतं, कमकुवत जागेवर घट्ट व्रण तयार व्हावा.

पूर्वभाग_लूमवाला
हे पहिल्यांदाच कळलं, धन्यवाद सर. एक विचारू का, डॉक्टरांनी जाळीचा तुकडा हातात दिला होता, मी बघितला तर ताणा-बाणा नाहीच, विणकाम मच्छरदाणीच्या जाळीचं वाटलं. असं मुद्दाम का?

केमिस्ट्री_जुळेसोलापूर
मी मटेरियल सायन्सवाली आहे, हे माझ्याकडं द्या. तुम्ही बरोबर ओळखलं, ते वॉर्प निटिंगच आहे, म्हणजे उभे दोरे एकमेकांत फासे अडकवून केलेली वीण. लूमवरचं कापड कात्रीनं कापलं की कडेचे दोरे सुटतात, सर्जनला तर जाळी हवी तशी कापावी लागते, निटिंगमध्ये कड धरून राहते आणि पोटाबरोबर थोडी ताणते पण.

खरी गंमत भोकांच्या मापात आहे. 75 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठी भोकं असली की पेशी, बारीक रक्तवाहिन्या, कोलॅजन सगळं आरपार जातं. 10 मायक्रॉनच्या आतली फट असली तर बॅक्टेरिया, जो साधारण 1 मायक्रॉनचा, आत जाऊन बसतो आणि त्याला मारणारा मॅक्रोफेज मोठा म्हणून बाहेरच राहतो. पीळ दिलेल्या अनेक तंतूंच्या दोऱ्यात अशाच फटी असतात, म्हणून जाळीला शक्यतो एकतंतू दोरा वापरतात.

आणि जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, तुम्हाला सांगायला नको. तुमचा टॉवेल 400-500 चा असेल, जुन्या जड जाळ्या 80-100 च्या असायच्या, आता हलक्या जाळ्या 35-50 च्या पण मिळतात. प्लास्टिक जितकं जास्त तितकी सूज जास्त, आणि भोकं बारीक असली की शेजारशेजारच्या दोऱ्यांवरचे व्रण एकमेकांना जुळून जागा कडक होते. मला तर वाटतं यात केमिस्ट्रीइतकंच विणकाम महत्त्वाचं आहे, आपल्या गावातल्या टेक्स्टाईलच्या पोरांनी या लाईनकडं बघायला पाहिजे, खरंच बघायला पाहिजे.

अजून एक. तेच मटेरियल बारीक भुकटी झालं की वागणं बदलतं. गुडघ्याच्या सांध्यात धातूखाली पॉलीएथिलीनची गादी असते, ती वर्षानुवर्षं घासून बारीक कण पडले की मॅक्रोफेज ते गिळतात, पचत नाहीत, सूज वाढवणारी रसायनं सोडत राहतात आणि भोवतीचं हाड झिजतं. सांधा ढिला होतो. टी-पेशींचा यात फारसा हात नाही.

आजोबांचा_गुडघा
मग निकेलची ॲलर्जी म्हणतात ती? आमच्याकडं घड्याळाच्या पट्ट्यानं पण खाज उठते.

केमिस्ट्री_जुळेसोलापूर
तिथं मात्र टी-पेशी येतात. निकेलचे आयन सुटून आपल्याच प्रोटीनला चिकटतात, मग ते प्रोटीन परकं दिसतं. ऑपरेशनआधी डॉक्टरांना ही खाज आवर्जून सांगा.

पूर्वभाग_लूमवाला
वडिलांना वाचून दाखवलं, बरंच टेन्शन गेलं. शेवटचं, मावशी म्हणतीय आता इतकी वर्षं झाली, किडनी मुरली असेल, टॅक्रोलिमस (तिची रोजची गोळी) कमी करू का.

सर्जरी_रेसिडेंट_सोलापूर
अजिबात नको. किडनी कितीही जुनी झाली तरी तिच्यावरचं एचएलए भावाचंच राहतं. टॅक्रोलिमस टी-पेशींना वाढायचा जो सिग्नल असतो तोच दाबतं, गोळी बंद म्हणजे सिग्नल परत चालू, आणि सुरुवातीला त्रास काहीच होत नाही, रक्तातलं क्रिएटिनीन (किडनी बाहेर टाकते तो कचरा) वाढल्यावर कळतं, तोवर नुकसान झालेलं असतं. डोस कमी करायचा तर लेवल बघून त्यांचे नेफ्रॉलॉजिस्टच, म्हणजे किडनीचे डॉक्टरच, करतील. मेडिकलवाल्यानं दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका म्हणावं, लेवल बदलू शकते. आणि वडिलांच्या जखमेला लाली, पू, ताप असं काही दिसलं तर लगेच दाखवा, जाळीला भीती इन्फेक्शनची असते.